राहिलेलं लगीन

बायजी गाडीतून उतरली आणि तिनं दार असं आपटलं, की शेजारच्या गाडीतला गोरा म्हातारा दचकून बाहेर बघायला लागला.

"आये, हळू," धनेश दात आवळून बोलला.

"का, तुटलं काय?"

"लोक बघतात."

"बघू दे. डोळे फुकटच दिलेत देवानं."

बाळ्या मागच्या सीटवरून अजून उतरलाच नव्हता. लेकाचं जाकीट त्याला ढगळ होत होतं आणि त्याची चेन सीटच्या पट्ट्यात अडकली होती. खरं सांगायचं तर चेन मघाच सुटली होती. पण बायको अशी पेटलेली असताना आपण मधे पडायचं नाही, एवढं शहाणपण संसारानं त्याला शिकवलं होतं.

इंग्लंडात लेस्टरला लेकाकडे येऊन त्यांना महिना होत आला होता. महिनाभर बायजीचं कुणाशी वाकडं झालं नव्हतं. थंडी सोसली, पाणचट दूध सोसलं, दिवसभर बंद खिडक्यांच्या आत बसणंही सोसलं. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या गुजराती बाईशी तर तिची गट्टीच जमली, कारण तलासरीच्या बाईला गुजराती कुणी शिकवावी लागत नाही. बोर्डीच्या चिकूवाडीत मजुरी करता करता ती आपोआप जिभेवर येते. आज तर रविवार होता, लख्ख ऊन पडलं होतं, सगळं शहर नदीकाठच्या बागेत गवतावर आडवं झालं होतं. बागेत जायचं म्हणून बायजी सकाळपासून खुशीत होती. पेटीतलं हिरवं लुगडं काढून नेसली होती.

आणि अर्ध्या रस्त्यात धनेशनं तोंड उघडलं. म्हणाला, "आये, आज बागेत प्रगतीचे आईबाबा पण येतायत. गोळधाणा करायचाय. आपल्या साखरपुड्यासारखंच. मागं लावायला त्यांनी मोठं लाल कापड आणलंय. त्याच्यावर तू चौक काढायचा. पालघट आणि सगळं. मी शब्द दिलाय त्यांना."

बायजीनं मागं वळून बाळ्याकडे पाहिलं. बाळ्या खिडकीबाहेर बघत होता, जणू बाहेर त्याचं स्वतःचं शेत होतं. म्हणजे याला ठाऊक होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती तिथं.

आता कुणी विचारेल, बाई रोज चित्रं काढते, मग एवढं भडकायला काय झालं? काढते ना. बांबूची काडी चावून तिचा कुंचला करते, आणि लावणी काढते, ताडाला चढलेला माणूस काढते, तारप्याभोवतीचा नाच काढते. डहाणूच्या दुकानांत तिचे कागद जातात. पण चौक तिनं आजवर एकदाही काढला नव्हता. चौक म्हणजे चित्र नव्हे, चौक म्हणजे लगीन. घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं सवाशिणी चौक काढणार, धवलेरी, म्हणजे लगीन लावणारी बाई, गाणं म्हणून देवांना बोलावणार, चौकात पालघट देवी येऊन बसणार, तेव्हा कुठं नवरानवरीला हळद लागणार. आणि सवाशीण म्हणजे जिला मांडवात हळद लागली ती. बायजीला हळद लागलीच नव्हती.

वारल्यांत यात काही पाप नाही. पोरगी पसंत पडली, ती घरी राहायला आली, शेत सांभाळलं, पोरं झाली. लगीन काय, जमेल तेव्हा लावतात. कुणी बोट दाखवत नाही. मात्र राहिलेलं लगीन राहिलेलंच असतं, ते कुणाला चुकत नाही. आईबापाचं झाल्याशिवाय पोराचा मांडव पडत नाही. आणि जिवंतपणी जमलंच नाही, तर मेल्यावर लावतात. बायजीच्या आयसचं, पुतळीचं तसंच झालं होतं. तिरडीवर निजलेल्या पुतळीला गावानं हळद लावली आणि बायजीचा बापूस डोळे पुसत तिच्या शेजारी नवरा होऊन बसला. ते पिवळं, थंडगार तोंड बायजीनं पाहिलं होतं. तेव्हापासून तिचं एकच मागणं होतं, की मला हळद लागेल ती मी श्वास घेत असताना लागू दे. विमानात बसण्याआधी बाळ्यानं कबूलही केलं होतं. पोराला भेटून आलो की माघात लावू.

बागेत शिरल्यावर प्रगतीच्या बाबांनी, नविनभाईंनी लांबूनच हात हलवला. उंबरगावचा माणूस, पोरपणीच इथं आलेला. बांधलेल्या तंबूखाली त्यांनी घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या, थेपले आणि ढोकळ्यांचे डबे उघडले होते.

"आवो आवो, बायजीबेन! आपण तर शेजारी. मधे फक्त सीमेवरचं अच्छाडचं नाकं!"

प्रगतीच्या आईनं, जयश्रीबेननं बायजीला हात धरून खुर्चीत बसवलं. गोरीपान, धिप्पाड, हसरी बाई. आणि प्रगती तर लगेच पाया पडली. पोरगी गोड होती, धनेशसाठी मराठी शिकली होती आणि चुकली की स्वतःच जीभ चावायची. बायजीला ती पहिल्याच दिवशी आवडली होती. म्हणूनच राग कुणावर काढावा ते तिला कळेना.

दोन झाडांच्या मधे ते लाल कापड ताणून बांधलं होतं, अगदी भिंतीएवढं. खाली पांढऱ्या रंगाचा डबा आणि नवा कोरा कुंचला. प्रगतीनं कुंचला दोन्ही हातांनी पुढं केला.

"आई, तुमच्या हाताने. मी आणि धनेश याच्यासमोर बसणार."

बायजीनं कुंचला घेतला नाही.

"मोर काढते," ती म्हणाली. "झाडं काढते. नाचणारी माणसं काढते. चौक नाय काढत."

"पण धनेश म्हणाला..."

"धनेशलाच विचार मग."

हसणाऱ्या जयश्रीबेनचं हसू जरा आखडलं. नविनभाई उगाच ढोकळ्याचा डबा इकडून तिकडं सरकवू लागले. धनेश पुढं आला आणि "आये, जरा चल," म्हणून तिला दंडाला धरून तळ्याच्या बाजूला घेऊन गेला. मागून बाळ्याही निघाला, दहा पावलं अंतर ठेवून.

"तुला प्रगती पसंत नाय, सरळ सांग ना," धनेश म्हणाला.

"पोरगी चांगली हाय. तुझ्याहून चांगली."

"मग माझी इज्जत का घालवतंस?"

"चौक सवाशीण काढते. मी सवाशीण हाय काय?"

"हळू बोल!" धनेशनं घाबरून मागं पाहिलं. "त्यांना ते सांगितलेलं नाय."

"काय सांगितलेलं नाय?"

धनेशनं तोंड फिरवलं. तळ्यातली बदकं ओरडत होती. बायजीला सगळं समजलं, पण ते त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय ती हलणार नव्हती.

"बोल ना. काय सांगितलेलं नाय तू त्यांना?"

"तुमचं लगीन राहिलंय ते. आये, इथं असं कुणाला समजत नाय. ते विचार करतील, हा कसल्या घरातला पोरगा..."

"इथं समजत नाय? तुझी ती शेजारीण, दोन पोरांची आयस, तिचं लगीन नाय झालं म्हणून तूच बोललास. तिला रोज सकाळी हसून गुड मॉर्निंग करतंस. आणि आपल्या आयसची लाज वाटते?"

"ते गोरे आहेत, आये. त्यांचं वेगळं."

"हां! गोऱ्यांनी केलं ते नवं, आणि आम्ही केलं ते मागास. कुठल्या शाळेत शिकलास हे? आश्रमशाळेत का कॉलेजात? नाव सांग, तिथं जाऊन मास्तरचे कान उपटते."

"मी काय वाईट केलं? चौक म्हणजे तुझ्यासाठी काय आहे ते मला कळतं..."

"कळत नाय तुला! तुझ्या काकूला विचार. धाकली माझ्या मागून घरात आली. माझ्या डोळ्यादेखत तिला हळद लागली. तुझ्या आत्याच्या पोराच्या लग्नात पीठ मी कांडलं, वाटण मी केलं, आणि चौकाच्या वेळी धाकलीनं मला सांगितलं, वहिनी, जरा भायेर बस. मी उंबऱ्याबाहेरून तिला पिठाची वाटी दिली, धनेश. आणि तू मला सांगतंस, काढ, चित्रच तर हाय."

धनेशनं मान खाली घातली. पण ती पस्तावल्याची मान नव्हती, अडचणीत सापडलेल्या माणसाची होती. तेवढ्यात बाळ्या पोचला आणि नेहमीप्रमाणे नको तिथं शहाणपण शिकवायला लागला.

"काढ गं चार रेघा. एवढी माणसं खोळंबलीत. इथं कोण धवलेरी बघायला बसलीय? आणि पालघट काय विमानात बसून येणार हाय?"

"ती नाय आली तरी मी आलेय ना? मला दिसतंय ना?"

"पोराचं चांगलं होतंय, त्यात तू..."

"तू बोलूच नको. तुझ्याशी घरी जाऊन बोलते. तुझं सगळं बोलणं मी गाठीला बांधून ठेवलंय."

परत तंबूत आले तेव्हा हवा बदललेली होती. ऊन तसंच, माणसं मात्र गार. जयश्रीबेननं चहा पुढं केला, पण मघाची माया त्यात नव्हती. खालच्या आवाजात, गुजरातीत तिनं विचारलं, "छोकरी न गमी, बायजीबेन? आवडली नाही? मनात काही असेल तर आताच सांगा. पोरं बसल्यावर नको."

बायजीला वाटलं, सांगून टाकावं? तिनं बाळ्याकडे बघितलं. बाळ्यानं डोळ्यांनीच 'नको' म्हटलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. ती म्हणाली, "छोकरी बहु सारी छे, पोरगी चांगलीच हाय," आणि गरम चहा एका दमात पिऊन टाकला. जीभ पोळली ती पोळलीच.

चौकाचा विषय मग धनेशनं मिटवला. त्यानं स्वतःच कुंचला उचलला. आश्रमशाळेत सगळ्याच पोरांना चित्रं येतात, त्यालाही येत होती. भराभर चौकट काढली, कडेनं नक्षी भरली. बायजी पाठ करून बसली. पालघट काढायला त्यानं मधल्या रिकाम्या जागेवर कुंचला टेकवला मात्र, त्याचा हात थांबला. उगाच एक रेघ ओढून त्यानं कुंचला डब्यात टाकला आणि "नंतर करतो," म्हणाला. तेवढी लाज शिल्लक होती, म्हणायला हरकत नाही.

इतकं होऊनही दिवस कसाबसा निभावला असता. थेपले खाऊन, फोटो काढून सगळे घरी गेले असते आणि भांडण बाळ्याच्या डोक्यावर घरी फुटलं असतं. पण प्रगती गाडीकडे पळत गेली आणि दोन्ही हातांत एक मोठा पांढरा खोका घेऊन आली.

"आई, बाबा, सरप्राइज!"

खोक्यात केक होता. चॉकलेटच्या मातकट थरावर पांढऱ्या क्रीमनं दोन त्रिकोणी माणसं काढलेली. एक नवरा, एक नवरी. नवरीच्या डोक्यावर बाशिंगदेखील. आठवडाभर रोज रात्री बसून पोरीनं हात बसवला होता म्हणे.

"आज बारा जून! तुमच्या लग्नाचा वाढदिवस! मी धनेशकडून तारीख काढून घेतली, पण त्याला पण हे माहीत नव्हतं. हॅपी ॲनिव्हर्सरी!"

नविनभाईंनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या गवतावरच्या दोन गोऱ्या बायांनीही वाजवल्या. बायजी केककडे बघत राहिली. क्रीमची ती नवरी हसत होती.

"कधी?" तिनं विचारलं.

"बारा जून ना?"

बायजी उठली. तिची खुर्ची मागं पडली.

"जूनमध्ये?" ती धनेशकडे वळली. "जूनमध्ये आमच्यात कोण लगीन लावतं रे? तेव्हा राबात भात पेरायचं असतं. अंगण चिखलानं भरलेलं असतं. मांडव कुठं घालणार, चिखलात? मेल्या, खोटं लगीन लावलंस ते लावलंस, तेही पावसाळ्यात!"

"आये..."

"शेतकऱ्याचा पोर ना तू? तुझ्या जिभेला हाड नाय ते नाय, डोकंही नाय?"

आणि नेमका इथं बाळ्यानं घात केला. गप्प बसावं ना माणसानं! पण तो जाकिटाची चेन वरखाली करत पुटपुटला, "मी त्याला बोललो होतो, एप्रिल सांग म्हणून."

बायजी हळूच बाळ्याकडे वळली.

"तू बोलला होतास?"

"म्हणजे... त्यानं फोनवर विचारलं. पोरगी तारीख मागते, काय सांगू. मी बोललो, सांग काही पण, इथं कुणाला कळतंय. एप्रिल सांग. यानं जून सांगितलं."

"विमानात बसायच्या आधी का नंतर?"

बाळ्यानं नजर केकवर नेली. म्हणजे आधी. म्हणजे एका तोंडानं माघात लावू म्हणत होता आणि दुसऱ्या तोंडानं लावून मोकळा झाला होता. एकदा इथल्या लोकांत झालं म्हणून सांगितलं, की पुढं धनेशच्या लग्नाआधी आपलं लावायची कटकटच नको. बायजीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिला वाटलं, तो केक उचलावा आणि याच्या तोंडावर मारावा. पण पोरीनं जीव ओतून केला होता, म्हणून केक वाचला.

"शुं थयुं?" नविनभाई गोंधळून विचारत होते. "तारीख चुकली? होतं असं. आम्ही पण..."

"तारीख नाय चुकली, नविनभाई," बायजी म्हणाली. मग जयश्रीबेनकडे वळून तिनं स्वच्छ गुजरातीत सांगितलं, म्हणजे पुन्हा कुणाला वेगळा अर्थ लावायला नको. "अमारां लगन बाकी छे. आमचं लगीन झालेलंच नाय. आम्ही तसेच राहतो. आमच्यात चालतं, कुणी नावं ठेवत नाय. पण ज्याला आयसबापाचं लपवायला लागतं, त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. म्हणून मी चौक काढत नव्हते. तुमच्या पोरीशी माझं काहीच वाकडं नाय."

नविनभाईंचं तोंड उघडंच राहिलं. "लगन नथी थयां? मग इतकी वर्षं..."

"तमे चूप रहो," जयश्रीबेन म्हणाली.

पण खरी तोफ सुटली ती प्रगतीची. केकचा खोका तिनं टेबलावर ठेवला, अगदी हळू, आणि धनेशसमोर जाऊन उभी राहिली.

"तू तारीख बनवलीस?"

"प्रगती, मी तुला सांगणार होतो..."

"मी त्यांच्यासमोर हॅपी ॲनिव्हर्सरी ओरडले, धनेश. मी तुझ्या आईला त्यांच्या न झालेल्या लग्नाचा केक दिला. माझ्या हाताने! तू मला हे करायला लावलंस."

"तुझ्या पप्पांना काय वाटेल म्हणून..."

"पप्पांना काय वाटेल ते पप्पा सांगतील. मला काय वाटेल ते विचारलंस?"

धनेश भडकला. कोपऱ्यात सापडला की माणूस दिसेल त्याला चावतो. तो बापावर घसरला. "मला काय बोलता सगळे? यांनी वेळेत लावलं असतं, तर मला खोटं बोलायला लागलं असतं काय? लहान होतो तेव्हापासून ऐकतोय, यंदा लावू, पुढल्या वर्षी लावू!"

"माझ्यावर आणू नको!" बाळ्या पहिल्यांदाच आवाज चढवून बोलला. "बापूस मेला त्या वर्षी लावणार होतो, सुतक आलं. मग भावाचे सासरवाले अडून बसले, त्याचं लावलं. मग तुझं शिक्षण. मग तुझं परदेश. कुणासाठी थांबवलं मी?"

"माझ्यासाठी नाय थांबवलं," बायजी म्हणाली. "दरसाल सगळ्यांचं नडलेलं दिसलं तुला. माझं नाय दिसलं. वरातीमागून घोडं ऐकलंय. इथं पोरं झाली, पोरगा नवरा झाला, आणि वरातीचा पत्ता नाय! माझी आयस पिवळी झाली ती मेल्यावर. तू तिच्या तिरडीला खांदा दिलास. तेव्हा मला काय बोललास, आठवतं? बोललास, तुझं असं होऊ देणार नाय."

बाळ्याला आठवत होतं. तोंडावर दिसत होतं. तो मटकन गवतावर बसला.

नविनभाई मनानं चांगला माणूस. भांडण मिटवायचं म्हणून त्यांनी एकदम हात वर केले. "अरे, एमां शुं! आत्ताच करून टाकू. माणसं आहेत, केक आहे, दुकानातून हार मागवतो. बागेत लगन! फोटो पण मस्त येतील."

"मी काय केकवरची बाई हाय?" बायजी म्हणाली. "हार घातला, फोटो काढला, झालं? धवलेरी कुठं हाय? माझ्या भिंतीवर चौक कुठं हाय? माझ्या माणसांच्यात मला हळद पाहिजे, नविनभाई. उघड्यावर, चोरासारखी नको."

"ए बराबर कहे छे," जयश्रीबेन उठली. ती येऊन बायजीच्या शेजारी उभी राहिली आणि तिनं पडलेली खुर्ची उचलून सरळ केली. "आज गोळधाणा नाही. आधी यांचं लगन, मग पोरांचं. यांचा नियम आहे ना, तो मोडून माझी मुलगी त्या घरात जाणार नाही."

"पण मम्मी, लग्नासाठी घेतलेला नोव्हेंबरचा हॉल..." धनेश घाईनं बोलला.

"हॉल जाऊ दे," प्रगती म्हणाली. "आणि तिला मम्मी म्हणू नकोस अजून."

धनेशनं आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. त्याच्या बाजूला कुणीच उरलं नव्हतं. तो जाऊन त्या अर्ध्या चौकासमोर उभा राहिला आणि एकेक गाठ सोडून कापड उतरवायला लागला. बायजीला त्याची दया आली, पण ती हलली नाही. आज दया केली, तर पुन्हा सगळं जिथल्या तिथं.

मग बाळ्या गवतावरून उठला. जाकीट काढून त्यानं खुर्चीवर टाकलं. आतल्या साध्या सदऱ्यात तो पुन्हा आपल्या गावचा, झरीचा बाळ्या दिसायला लागला.

"बायजी, माघात लावू," तो म्हणाला. "खरंच लावू. बुधीला सांगतो, आत्ताच." बुधी त्याची मोठी बहीण, गावची धवलेरी.

"कुणाला विचारून लावतंस?"

"म्हणजे?"

"पोरगी मागायची असली तर असं बागेत उभं राहून सांगतात काय? मला भाऊस हाय. माझ्या माहेरी, उपलाटला बसलाय. त्याला विचार."

"पांड्याला? आता? या वयात?"

"वय माझं वाढलं, तर मागणं माफ झालं?"

प्रगती पटकन तोंडावर हात ठेवून वळली. हसत होती की रडत होती, कळलं नाही. बाळ्यानं खिशातून फोन काढला, दोनदा चुकीचं बटण दाबलं, शेवटी धनेशच पुढं झाला आणि त्यानं नंबर लावून फोन बापाच्या हातात दिला. आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. उपलाटला जेवणाची वेळ होती. मागं भांडी वाजत होती.

"कोण, बाळ्या?" पांड्याचा आवाज आला. "काय झालं? बायजी बरी हाय ना?"

"बरी हाय. पांड्या, मागणं घालायला फोन केलाय."

"धनेशचं? आमच्याकडं कुठं पोरगी हाय आता?"

"धनेशचं नाय. माझं."

भांडी वाजायची थांबली.

"ताडी प्यायलास काय रे?"

"इथं कुठं ताडी?"

"मग बिनताडीचं मागणं घालतंस? फोनवर?" पांड्या पेटलाच. बहिणीचा भाऊ तो, राग एकाच चुलीवरचा. "इतकी वर्षं माझ्या दारात जावई म्हणून जेवलास. दर खेपेला मी विचारलं, दर खेपेला तू बोललास, पुढल्या साली. माझ्या आयसला मढं झाल्यावर नवरी केली, ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाय. आणि तू सातासमुद्रापलीकडून मला फोन लावतंस!"

"चुकलं माझं."

"चुकलंच. लावणी आटपली की उपलाटला यायचं. ताडी घेऊन, चार माणसं घेऊन. रिक्षानं नाय, चालत. मी दारात बसवीन, वाटलं तर पाणी देईन. मग बोलू."

"येतो," बाळ्या म्हणाला. कपाळावर घाम आला होता, त्या गार हवेत.

"आणि आमच्यात पोरीला विचारल्याशिवाय आम्ही हो बोलत नाय, ठाऊक हाय ना? तिला दे फोन."

बाळ्यानं फोन पुढं धरला. बायजी घडीच्या खुर्चीवर पाठ ताठ करून बसली होती. तिनं फोन हातात घेतला नाही, त्यालाच तो धरून उभं राहावं लागलं.

"बायजी," पांड्या म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "झरीचा बाळ्या मागणं घालतोय. काय सांगू त्याला?"

सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. जयश्रीबेन, नविनभाई, प्रगती, लाल कापडाची घडी छातीशी धरून उभा असलेला धनेश. आणि बाळ्या, फोन धरलेला हात लांब करून, उन्हात उभा. बायजीनं त्याला डोक्यापासून पायापर्यंत एकदा नीट पाहून घेतलं. केस पिकलेले, चप्पल झिजलेली, डोळे खाली.

"सांग त्याला," ती म्हणाली, "पोरगी विचार करतेय."